कृषिपदवीचा अभ्यासक्रम आणि जाफराबादकडील शेतीचे जुने कागद

जाफराबाद हा जालना जिल्ह्यांतील तालुक्याचा कसबा केळणा व पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसलेला आहे. इतिहासाची आवड असलेले गृहस्थ येथें येतात ते बहुधा पडका तट, गढी आणि मशिदींतील औरंगजेबकालीन फारसी लेख पाहण्यासाठीं. असईचें रणक्षेत्र, जेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं वेलस्लीची शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशीं गांठ पडली, तेंही या मुलखांतच आहे. हीं स्थळें पाहून झालीं म्हणजे पाहुणे जुन्या घरांतून रुमाल सोडवितात, सनदा आणि वतनाचे महजर निवडून घेतात, आणि पेरणीच्या यादी, बियाण्याचे हिशेब, पीकपाहणीचे फर्द असे कागद पुन्हां बांधून माळ्यावर टाकतात. घरधन्यासही मग वाटतें कीं, विद्वानांनीं ज्यास हात लावला नाहीं तें रद्दीच होय. त्या रद्दीला खरा वाचक कोठें आहे, तें सांगण्यासाठीं हा लेख आहे. हा वाचक म्हणजे कृषिशास्त्राच्या पदवीचा विद्यार्थी. त्याच्या अभ्यासाची घडण आमच्या वाचकवर्गास फारशी परिचित नसते, म्हणून प्रथम तीच सांगतों.

आपल्या प्रांतांत शेतीचें शिक्षण महाविद्यालयांत गेलें तें १८७९ सालीं. पुण्याच्या सायन्स कॉलेजास त्या वर्षीं शेतीची शाखा जोडली गेली. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ नुकताच सरला होता, आणि सरकारास शेतसाऱ्याबरोबर शेतीचाही विचार करणें भाग पडलें होतें. १८८३ सालीं जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांतही शेतकऱ्याच्या मुलांस विद्या मिळाली पाहिजे हा मुद्दा आहेच. मुंबई विद्यापीठानें या विषयास प्रथम पदविका, मग एल्. एजी., व नंतर बी. एजी. अशी चढती मान्यता दिली. १९०७ सालीं पुण्यास स्वतंत्र कृषि महाविद्यालय झालें आणि डॉ. हॅरल्ड मॅन हे त्याचे प्राचार्य झाले. रसायनशास्त्राच्या या पंडितानें पुण्याजवळच्या पिंपळें सौदागर या एका खेड्याची जमीन, कुळें व कर्ज यांची जी पाहणी केली, ती १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. शेतांचे तुकडे कसकसे होत गेले हें दाखविण्यासाठीं त्यांनीं मागील शतकांतले जमिनीचे दाखले धुंडाळले होते, ही गोष्ट संशोधकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. म्हणजे शेतीचा शास्त्रज्ञ आणि दप्तर यांची ओळख आपल्याकडे नवी नाहीं. नागपुरासही १९०६ सालीं कृषि महाविद्यालय निघालें.

या सर्व हालचालीचा जाफराबादेस मात्र उपयोग नव्हता. हा भाग निजामाच्या राज्यांत. येथील मुलगा पुढें शिकला तर उर्दूंतून शिके, आणि १९१८ नंतर उस्मानिया विद्यापीठाकडे पाही. परभणीस प्रयोगक्षेत्र १९१८ पासून होतें, परंतु पदवीची सोय नव्हती. हैदराबादजवळ कृषि महाविद्यालय निघालें तें १९४६ सालीं. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १७ सप्टेंबर १९४८ रोजीं, संस्थान भारतांत सामील झालें. मराठवाड्याच्या भूमीवर पहिलें कृषि महाविद्यालय परभणीस १९५६ सालीं उघडलें. पुण्याची शाखा धरली तर मधलें अंतर सत्याहत्तर वर्षांचें होतें. ज्या मुलखांत कापूस व जोंधळा हींच माणसाचीं दैवतें, तेथें त्यांचें शास्त्र दोन पिढ्या उशिरां पोंचलें. १८ मे १९७२ रोजीं परभणीस मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें व २०१३ सालीं त्यास वसंतराव नाइकांचें नांव जोडलें गेलें. तें विद्यापीठ निघालें त्याच वर्षीं मराठवाड्यावर दुष्काळ होता, हा योग सुखाचा नव्हे. १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आतां जिल्ह्यांतच बदनापूर येथें विद्यापीठाचें कृषि महाविद्यालय आहे आणि कडधान्यांचें संशोधन केंद्रही आहे. त्या केंद्राचीं ‘बीडीएन’ या अक्षरांनीं ओळखलीं जाणारीं तुरीचीं वाणें आमच्याकडील शेतकऱ्याच्या तोंडीं बसलेलीं आहेत.

आज या पदवीस बी. एस्सी. (ऑनर्स) कृषि असें म्हणतात. बारावीस विज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्यास सामाईक परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. शेतकऱ्याच्या मुलास सातबाराच्या आधारें गुणांत कांहीं अधिक भर मिळत आलेली आहे. दप्तराच्या अभ्यासकानें येथें क्षणभर थांबावें. गांवनमुना सात हा जमिनीवरील हक्काचा लेख, आणि गांवनमुना बारा ही पिकांची नोंद. कुळकर्ण्याच्या ज्या फर्दांना आपण माळ्यावर टाकतों, त्यांचेच हे वंशज असून आज ते एका विद्यार्थ्याच्या प्रवेशाचे आधार झाले आहेत. अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा. जमीन, पाणी, पीक, बी, कीड, रोग, फळबाग, गुरें, अवजारें, शेतीचा बाजार, आणि शेतकऱ्यास नवें ज्ञान पोंचविण्याची विस्तारविद्या, इतक्या विषयांतून विद्यार्थ्यास जावें लागतें. तास सरतो न सरतो तोंच तो शेतावर असतो. संस्कृत पाठशाळेंत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस हें सव्यसाचित्व थोडें दडपण आणणारें वाटेल. आम्हांस तसें वाटलें.

मात्र हें सर्व शिक्षण इंग्रजींत होतें, आणि येथें आमच्या विषयास वळण लागतें. मुलगा घरीं इसाड म्हणतो, वर्गांत बीम लिहितो. घरीं फाळ, वर्गांत शेअर. दोन्ही शब्द त्याला ठाऊक असतात, पण एकाचा दुसऱ्याशीं संबंध शास्त्रीय आहे असें त्यास कोणी सांगत नाहीं. ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथांत नांगराचे आठ अवयव सांगितले आहेत, त्यांत ईषा आणि युग हे आहेत. ईषा तोच आपला इसाड, हलीषा तें हाळीस, युग तें जूं, आणि फाल तो फाळ. औजार लाकडाचें होतें तोंवर शब्द टिकला. ट्रॅक्टर आला आणि जाफराबाद तालुक्यांत विशीच्या आंतल्या मुलास हाळीस म्हणजे काय हें विचारावें लागतें. मोडी कागदांत मात्र हा शब्दांचा संसार जसाच्या तसा मांडलेला आहे. सुताराच्या बलुत्याच्या हिशेबांत नांगराचा एकेक अवयव आणि त्याचें मोल सांपडतें.

दुसरें उदाहरण पावसाचें घेतों, कारण पूर्णेच्या कांठीं याहून मोठा विषय नाहीं. पदवीच्या विद्यार्थ्यास हवामानशास्त्र शिकवितात तेव्हां पर्जन्यमापकाची रोज सकाळीं साडेआठची नोंद कशी घ्यावी हें करून दाखवितात. कौटिलीय अर्थशास्त्रांत कोठारापाशीं एक अरत्नि तोंडाचें कुंड पाऊस मोजण्यास ठेवावें असें सांगितलें आहे. सीताध्यक्षाच्या प्रकरणांत तर प्रदेशवार पावसाचें मान द्रोणांत दिलें आहे, आणि त्यांत अश्मक देशाचें नांव आहे. अश्मक म्हणजे गोदावरीकडचा प्रदेश. आपल्या बाजूच्या पावसाचा याहून जुना आंकडा आमच्या पाहण्यांत नाहीं. त्या आंकड्याचा अर्थ कांहीं भाषांतरांत साडेतेरा असा केलेला आढळतो. अर्धतृतीय म्हणजे अडीच, या नियमानें पाहतां अर्धत्रयोदश म्हणजे साडेबाराच घ्यावा, असें आमचें मत आहे.

परंतु आंकड्यापेक्षां पुढील विधान आमच्या मुलखास अधिक लागू आहे. चार महिन्यांच्या पावसापैकीं एक तृतीयांश पहिल्या व शेवटच्या महिन्यांत मिळून, आणि दोन तृतीयांश मधल्या दोन महिन्यांत पडला, तर तें वर्ष चांगलें, असें कौटिल्य सांगतो. एकंदर पाऊस किती यापेक्षां तो केव्हां पडला हें महत्त्वाचें, हाच धडा आज कृषि महाविद्यालयांत कोरडवाहू शेतीच्या पाठांत शिकवितात. जालना जिल्ह्यांत सरासरीनें सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, परंतु मधला खंड तीन आठवड्यांचा झाला कीं सरासरी शेतकऱ्याच्या कामाची राहात नाहीं. २०१२ च्या दुष्काळांत या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, हें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे. जुन्या पेरणीच्या यादींत मृग लागला, आर्द्रांत पेर झाली, मघांची सर चुकली, अशा नक्षत्रवार टिपा येतात. सरकारी पर्जन्यमापक तालुक्याच्या गांवीं येण्यापूर्वींच्या पावसाची गांववार माहिती मिळण्याचें हें एक साधन आहे, आणि तें वतनाच्या महजरांत सांपडत नाहीं.

‘अर्थशास्त्राची’ ताडपत्री पोथी एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयांत आणून दिली, ती शामशास्त्र्यांच्या हातीं आली व १९०९ सालीं छापली गेली, ही हकीकत आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. त्यामानानें कमी ठाऊक असलेली दुसरी एक हकीकत सांगतों. डॉ. य. ल. नेने हे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ होते. भाताचा खैरा रोग जस्ताच्या अभावानें होतो हा शोध त्यांचा. त्यांनीं १९९४ सालीं सिकंदराबादेस आशियाई कृषि-इतिहास प्रतिष्ठान स्थापलें, सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदाची’ हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांतून मिळविली, आणि संस्कृतच्या प्राध्यापिका डॉ. नलिनी साधले यांच्याकडून तिचें भाषांतर करवून १९९६ सालीं प्रसिद्ध केलें. ‘कृषिपराशर’ही त्यांनींच पुढें काढलें. रोगाचें निदान करणारा एक आणि श्लोकाचा अन्वय लावणारी दुसरी, अशा दोघांनीं मिळून पोथी वाचली. एकट्या संस्कृतज्ञाला झाडाच्या दुखण्याचें वर्णन वाचून दुखणें ओळखतां आलें नसतें. देशांतील कृषि महाविद्यालयांसाठीं २०१७ सालीं जो सुधारित अभ्यासक्रम आला, त्यांत कृषि-वारशाचा एक लहानसा विषय समाविष्ट आहे. तो आठवड्यास एका तासाचा असून बहुधा वैदिक ऋचांच्या उल्लेखांनीं सुरू होतो आणि तेथेंच रमतो. आपल्या गांवच्या दप्तरापर्यंत तो येत नाहीं, ही त्याची उणीव आम्हांस खटकते.

आतां या दप्तरांत काय असतें तें पाहूं. जाफराबाद व भोकरदन बाजूच्या जुन्या घरांतून आमच्या पाहण्यांत आलेले रुमाल तीन लिप्यांचे आहेत. कुळकर्ण्याचें गांवकामाचें दप्तर मोडींत. तालुक्याचे हुकूम आधीं फारसी व मागाहून उर्दू. आणि हैदराबाद राज्याच्या अखेरच्या वर्षांतलें, १९५४ च्या सुमाराचें, खासरा पत्रक. या शेवटच्या कागदाचें महत्त्व मराठवाड्यांतील प्रत्येक वकिलास माहीत आहे, म्हणून तेवढें जतन होतें. मोडी यादींतलीं मापें नव्या वाचकास अडवितात. पांच हात पांच मुठींची काठी, वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, आणि एकशेंवीस बिघ्यांचा चावर, एवढी कोष्टकाची ओळख झाली कीं अर्धें काम होतें. मात्र काठीची लांबी गांवोगांव बदलत असे, तेव्हां बिघ्याचा एकर करतांना त्याच गांवाच्या दुसऱ्या कागदाशीं पडताळा घ्यावा.

खरी मौज पिकांच्या नांवांत आहे. रब्बीच्या यादींत करडई, जवस, गहूं, मसूर हीं एकत्र येतात. कौटिल्यानेंही कुसुंभ, अतसी, गोधूम व मसूर हीं शेवटच्या पेरणींतच घातलीं आहेत. दोन हजार वर्षांच्या अंतरानें तोच गट तसाच्या तसा कायम राहिलेला पाहून आनंद वाटतो. त्या यादींत जोंधळा मात्र नाहीं, आणि आमच्याकडील कागदांत जोंधळ्यावांचून पान नाहीं. ज्वारीचीं जुनीं वाणेंही नांवानिशीं आढळतात: हुरड्याची गूळभेंडी, दगडी, मालदांडी. मालदांडी हें नांव आज ज्या रूपानें सर्वांस माहीत आहे, तें सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथील निवडीनें प्रसिद्ध झालेलें ३५-१ हें वाण. परंतु निवड होण्यापूर्वीं ज्या रानांतून तें आलें, तेथें तें शेतकऱ्याचेंच होतें.

हीं नांवें केवळ कौतुकाचीं नव्हेत. जालना हा बियाण्याचा जिल्हा आहे. बद्रिनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं जालन्यास ‘महिको’ ही बियाण्याची कंपनी काढली, आणि १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जाफराबाद आणि शेजारच्या देऊळगांव राजाकडे जाळीच्या मांडवांत भाजीपाल्याचें संकरित बी धरलें जातें. बायका कळी उमलण्याआधीं तिचे पुंकेसर चिमट्यानें काढतात व परागण हातानें करतात. अशा मुलखांत वाण कोणाचें, या प्रश्नास पैशाचें मोल आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमान्वयें शेतकऱ्यास आपल्या पूर्वापार वाणाची नोंदणी करतां येते. तशी नोंदणी करूं जाणाऱ्या गांवास आपल्याकडे तें वाण शंभर वर्षांमागेंही पेरलें जात होतें असा लेखी दाखला हाताशीं असणें उपयोगाचें आहे. तो दाखला कोणत्या कागदांत असेल? सनदेंत नव्हे, महजरांत नव्हे. बियाण्याच्या उसनवारीच्या हिशेबांत, ज्याची रद्दी होऊन जाते त्यांत.

आतां वाचक पुढें आणतों. पदवीच्या सातव्या सत्रांत विद्यार्थ्यास ग्रामीण कृषि कार्यानुभव म्हणून खेड्यांत पाठवितात. खरिपाच्या हंगामांत तो गांवांत असतो, एका शेतकऱ्याशीं त्याची जोडी लावलेली असते, आणि गांवाचा नकाशा, जमिनीचे प्रकार, पिकांचे फेर, तसेंच गांवाची कालरेषा त्यास तयार करावी लागते. ही कालरेषा तो पारावरच्या म्हाताऱ्यांस विचारून काढतो. ती बहुधा १९७२ च्या दुष्काळापाशीं सुरू होते, फार तर रझाकारीपाशीं. त्याच गांवाची त्यामागील शंभर वर्षें त्याच आळींतल्या एखाद्या माळ्यावर असतात. विद्यार्थ्याला मोडी येत नाहीं. ज्याला मोडी येते त्याला ‘बरड’ आणि ‘चोपण’ यांत जमिनीचा कोणता फरक आहे हें कागदावरून सांगतां येत नाहीं. विद्यार्थी माती हातांत घेऊन सांगतो. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अशाच मुक्कामांत आमच्याकडून एक यादी वाचवून घेतली. यादींत चोपण म्हणून लिहिलेलें शिवार त्यानें पायीं फिरून पाहिलें, मातीचा सामू काढला, आणि ती जमीन आजही खारवट असल्याचें दाखविलें. त्या यादीवरील एका शब्दाचा आम्ही लावलेला अर्थ त्यामुळें पक्का झाला.

पांडुरंग खानखोजे यांचें नांव या ठिकाणीं सहज आठवतें. १८८४ सालीं वर्धेकडे जन्मलेले हे क्रांतिकारक अमेरिकेंत जाऊन शेतीच शिकले, १९१३ सालीं वॉशिंग्टन राज्याच्या महाविद्यालयांतून उच्च पदवी घेतली, आणि १९२४ नंतर मेक्सिकोंत चापिंगोच्या कृषिशाळेंत मक्यावर काम केलें. मक्याचें मूळ शोधतांना तेथील स्थानिक जातींकडे त्यांचें लक्ष गेलें तें सहजच होय. जुनें वाण हाच नव्या वाणाचा कच्चा माल. आपल्याकडे तो कच्चा माल शेतांतून बराचसा गेला आहे, आणि त्याचीं नांवें कागदांत उरलीं आहेत.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति व्यवहारापुरती आहे. रुमाल सोडविला कीं शेतीचे फर्द वेगळे बांधावे, त्यांवर गांवाचें व घराण्याचें नांव लिहावें, आणि ते त्याच घरीं ठेवून मंडळाकडे नक्कल किंवा छायाप्रत आणावी. मूळ कागद गांवाबाहेर नेऊं नये, कारण शिवारावांचून त्यांतील निम्मे शब्द मुके होतात. विद्यार्थी मृगाच्या आगेमागे गांवांत येतात, तेव्हां वैशाखांतच कागदांचें बाळबोध रूपांतर करून ठेवलें तर तें त्यांच्या हातीं वेळेवर पडेल. ज्यांस मोडी शिकावयाची असेल अशा दोघां-तिघांस रविवारीं शिकविण्यास आम्ही तयार आहों. आमच्या अनुभवानें बाराखडी व जोडाक्षरांस सहा रविवार पुरतात, आंकडे आणि पाव-अर्ध्या-पाऊणेच्या उभ्या-आडव्या रेघांस त्याहून दोन अधिक लागतात.